विश्लेषण : कोड जेमतेम चार एमबीचा, मग लॅपटॉप भरला कशाने? सोर्स आणि बिल्डची जागा वेगळी का हवी?

बेसा, घोगली, मनीषनगर, बेलतरोडी हा दक्षिण नागपूरचा पट्टा आता लॅपटॉपवाल्यांचा झाला आहे. मिहान जवळ असल्याने तिथल्या टीसीएस, एचसीएल, इन्फोसिससारख्या कंपन्यांत काम करणारे तरुण या भागात भाड्याने राहतात. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही इथे खोल्या घेऊन राहतात. या दोघांची एक तक्रार सारखी असते. ‘सी ड्राइव्ह लाल झाला, जागाच उरली नाही. पण मी तर फक्त एक छोटा प्रोजेक्ट केला होता!’

तक्रार खरी असते. लिहिलेला कोड मोजला तर तो जेमतेम चार-पाच एमबी भरतो, फोल्डर मात्र दीड-दोन जीबीचा दिसतो. मधली सगळी जागा ‘बिल्ड आउटपुट’ने, म्हणजे संगणकाने स्वतः तयार केलेल्या फायलींनी खाल्लेली असते.

प्रश्न फक्त जागेचा असता तर मोठी हार्ड डिस्क घेऊन सुटला असता. पण कोणती फाइल कुठे ठेवायची हे न ठरवल्यामुळे लोकांच्या सगळ्या फायली पुसल्या गेल्या आहेत, एका अमेरिकी कंपनीने पाऊण तासात ४६ कोटी डॉलर घालवले आहेत आणि लाखो ग्राहकांची माहिती पाच वर्षे उघडी राहिली आहे. हे सगळे कसे घडते आणि ते टाळायचे कसे, हे सोप्या भाषेत समजून घेऊ या.

सोर्स म्हणजे काय, बिल्ड म्हणजे काय?

बेसा परिसरात जागोजागी फ्लॅट स्कीमची कामे सुरू असतात. तिथलेच उदाहरण घ्या. आर्किटेक्टने काढलेला नकाशा हा मूळ दस्तऐवज. स्लॅब टाकण्यासाठी उभे केलेले सेंट्रिंग हे तात्पुरते. शेवटी उभी राहते ती इमारत.

सॉफ्टवेअरमध्येही असेच तीन भाग असतात. प्रोग्रामरने हाताने लिहिलेल्या फायली म्हणजे सोर्स, अर्थात नकाशा. त्यावरून संगणक आधी अर्धवट तयार, मधल्या टप्प्यातल्या फायली बनवतो. ते झाले सेंट्रिंग. मग चालणारा प्रोग्राम, ॲप किंवा वेबसाइट तयार होते, ती इमारत. मधल्या आणि शेवटच्या फायली मिळून बिल्ड आउटपुट होते. सोर्सपासून आउटपुट तयार करण्याच्या कामाला ‘बिल्ड करणे’ म्हणतात.

फरक एकच, पण फार मोठा आहे. खरी इमारत पाडली तर कोट्यवधींचे नुकसान होते. सॉफ्टवेअरचे आउटपुट पुसले, तर एक बटण दाबून ते काही मिनिटांत पुन्हा बनवता येते. सोर्स पुसला तर मात्र तो कुठलेही बटण दाबून परत येत नाही.

त्यामुळे प्रोजेक्टमधल्या प्रत्येक फाइलबद्दल एकच प्रश्न विचारायचा असतो. ही गेली तर पुन्हा आपोआप बनेल का? बनणार असेल तर ती जपायची गरज नाही. बनणार नसेल तर ती हरवता कामा नये. अडचण येते ती या दोन्ही प्रकारच्या फायली एकाच फोल्डरमध्ये मिसळतात तेव्हा.

जागा नेमकी कोण खाते?

प्रत्येक भाषेच्या आणि टूलच्या सवयी वेगळ्या आहेत. तुमच्या प्रोजेक्टमध्ये पुढची नावे दिसतात का, ते पाहा.

• सी शार्प आणि डॉट नेट : ‘बिन’ आणि ‘ओबीजे’ हे दोन फोल्डर. ‘ओबीजे’मध्ये मधल्या फायली, ‘बिन’मध्ये तयार प्रोग्राम. डीबग आणि रिलीज अशा दोन्ही पद्धतींनी बिल्ड केले तर सगळे दोनदा साठते.

• जावा : मेव्हन वापरत असाल तर ‘टार्गेट’, ग्रेडल वापरत असाल तर ‘बिल्ड’.

• अँड्रॉइड : प्रत्येक मॉड्यूलमध्ये वेगळा ‘बिल्ड’ फोल्डर.

• रिॲक्ट, अँग्युलर वगैरे : ‘नोड मॉड्यूल्स’ आणि ‘डिस्ट’ किंवा ‘बिल्ड’. ‘नोड मॉड्यूल्स’मध्ये बाहेरून उतरवलेल्या हजारो बारीक फायली असतात.

• पायथॉन : ‘पायकॅश’ आणि प्रोजेक्टपुरते बनवलेले ‘व्हेन्व्ह’.

• रस्ट : ‘टार्गेट’. हा फोल्डर फार झपाट्याने वाढतो.

एवढ्यावर गोष्ट संपत नाही. काही फायली प्रोजेक्टच्या बाहेर, विंडोजमधल्या तुमच्या नावाच्या यूजर फोल्डरमध्ये साठतात. ग्रेडल उतरवलेल्या लायब्ररी ‘डॉट ग्रेडल’मध्ये ठेवतो, मेव्हन ‘डॉट एम टू’मध्ये. अँड्रॉइडचा इम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा नकली फोन, ‘डॉट अँड्रॉइड’ फोल्डरमध्ये अनेक जीबी घेऊन बसतो. मॅकवर एक्सकोडचा ‘डिराइव्ह्ड डेटा’ असाच होम फोल्डरच्या लायब्ररीत दडलेला असतो. म्हणूनच प्रोजेक्ट पूर्ण डिलीट करूनही जागा मोकळी होत नाही.

प्रोजेक्ट कुठे ठेवला, याने एवढा काय फरक पडतो?

पडतो, आणि विंडोजवर जास्तच पडतो. चार कारणे पाहा.

पहिले कारण पत्त्याची लांबी. ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतच्या पूर्ण पत्त्याला विंडोजमध्ये पूर्वापार २६० अक्षरांची मर्यादा आहे. ‘डेस्कटॉप’मध्ये ‘फायनल इयर’, त्यात ‘मेजर प्रोजेक्ट’, त्यात ‘न्यू फोल्डर’, त्यात पुन्हा त्याच नावाचा फोल्डर अशी उतरंड रचली की बिल्डच्या वेळी ही मर्यादा ओलांडली जाते. मग फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘सापडत नाही’ असा एरर येतो. २०१६ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटपासून ही मर्यादा सेटिंग बदलून उठवता येते. पण तो प्रोग्रामही लांब पत्त्यासाठी तयार असावा लागतो, आणि सगळे तसे नसतात. जावास्क्रिप्टच्या एनपीएमने २०१५ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत ‘नोड मॉड्यूल्स’ची रचना बरीच सपाट केली. एकात एक खोल जाणाऱ्या फोल्डरांचा विंडोजवर होणारा त्रास त्यामुळे कमी झाला.

दुसरे कारण मराठी विद्यार्थ्यांच्या खास कामाचे आहे. फोल्डरचे नाव देवनागरीत ठेवले, किंवा विंडोज बसवताना यूजरचे नावच मराठीत टाकले, तर विंडोजवर अँड्रॉइड स्टुडिओचे बिल्ड अडू शकते. प्रोजेक्टच्या पत्त्यात इंग्रजी मुळाक्षरांपलीकडची अक्षरे आहेत, प्रोजेक्ट दुसरीकडे हलवा, असा संदेश अँड्रॉइडचे टूल स्वतःच देते. ॲपच्या आत मराठी मजकूर हवा तेवढा चालतो. अडचण फक्त फोल्डरच्या पत्त्यात आहे. नावातल्या मोकळ्या जागेचेही तसेच. काही जुनी टूल मोकळी जागा दिसली की पत्ता तिथेच संपला असे समजतात. म्हणून दोन शब्द जोडायला हायफन किंवा अंडरस्कोर वापरतात.

तिसरे कारण वनड्राइव्ह. अनेक नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर आपोआप वनड्राइव्हशी जोडलेले असतात. प्रोजेक्ट तिथे असेल तर बिल्ड करताच तयार होणाऱ्या हजारो फायली इंटरनेटवर चढू लागतात. वनड्राइव्हची फुकटची जागा ५ जीबी, ती लगेच भरते. शिवाय वनड्राइव्हने एखादी फाइल अपलोडसाठी धरून ठेवलेली असताना बिल्डला तीच बदलायची असेल, तर ‘फाइल वापरात आहे’ म्हणून बिल्ड थांबते. व्हिज्युअल स्टुडिओ पूर्वी नवे प्रोजेक्ट डॉक्युमेंट्समध्ये ठेवत असे. आता ते यूजर फोल्डरमधल्या ‘सोर्स’ आणि त्यातल्या ‘रेपोज’मध्ये ठेवले जातात. ही जागा ऑप्शन्समध्ये ‘प्रोजेक्ट्स अँड सोल्युशन्स’खालच्या ‘लोकेशन्स’मध्ये बदलता येते.

चौथे कारण पूर्ण पत्ता कोडमध्येच लिहून टाकणे. ‘डी ड्राइव्हवरच्या अमुक फोल्डरमधला फोटो उघड’ असे कोडमध्ये लिहिले की तो प्रोग्राम जगात एकाच लॅपटॉपवर चालतो. व्हायव्हाच्या दिवशी कॉलेजच्या लॅबमध्ये तो बंद पडतो, कारण तिथे ते फोल्डरच नसते. पत्ता नेहमी प्रोजेक्टच्या फोल्डरपासून मोजून द्यावा.

कोड बदलला, तरी जुनाच प्रोग्राम का चालतो?

चूक दुरुस्त केली, तरी स्क्रीनवर तीच चूक दिसते. असा अनुभव न घेतलेला प्रोग्रामर विरळा. बहुतेक वेळा सोर्स बदललेला असतो, पण आउटपुट जुनेच राहिलेले असते.

या समस्येनेच एका प्रसिद्ध टूलला जन्म दिला. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे टूल लिहिले. त्यामागची हकिकत फेल्डमन यांनीच सांगितली आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची एक अख्खी सकाळ, बरोबर असलेल्या प्रोग्राममधली चूक शोधण्यात वाया गेली होती. चूक आधीच दुरुस्त झाली होती, फक्त ती फाइल नव्याने कंपाइल झाली नव्हती. ‘मेक’ फायलींची वेळ तपासतो आणि सोर्स आउटपुटपेक्षा नवा असेल तेवढाच भाग पुन्हा बनवतो. या कामासाठी फेल्डमन यांना २००३ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार मिळाला. आजची बहुतेक बिल्ड टूल याच कल्पनेवर उभी आहेत.

तरीही गोंधळ होतो. बिल्ड चालू असताना वीज गेली, लॅपटॉपचे घड्याळ चुकले, नाव बदललेल्या फाइलचे जुने आउटपुट मागे राहिले, की टूल फसते. ‘क्लीन’ आणि ‘रिबिल्ड’ ही बटणे त्यासाठीच आहेत. आउटपुटला वेगळे फोल्डर असेल तर ते पूर्ण उडवून कोऱ्या पाटीवर बिल्ड करता येते. सोर्समध्येच आउटपुट मिसळले असेल तर काय उडवायचे हेच कळत नाही.

जुना प्रोग्राम कुठेतरी राहून जाणे किती महाग पडू शकते, हे १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेच्या शेअर बाजाराने पाहिले. नाइट कॅपिटल या ब्रोकर कंपनीने आपल्या आठ सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवायचा ठरवले. प्रत्यक्षात तो सातच सर्व्हरवर गेला, आठव्यावर जुना प्रोग्राम तसाच राहिला. बाजार उघडताच त्या सर्व्हरवरचा कित्येक वर्षे न वापरलेला भाग जागा झाला आणि शेअर्सचे सौदे करत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले. तोटा ४६ कोटी डॉलरहून अधिक. पुढच्याच वर्षी ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

जागा मोकळी करताना काय चुकू शकते?

आउटपुट पुसायचे असते, पण नेमके तेवढेच पुसले जाईल याची खात्री हवी. इथे फोल्डरचा पत्ता चुकला की सगळेच जाते.

जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग ॲपमधला असाच दोष उघड झाला. एका यूजरने स्टीमचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता. स्टीमच्या स्क्रिप्टला मूळ फोल्डरचा पत्ता सापडला नाही, त्यामुळे पत्त्याची जागा रिकामी राहिली. ‘या फोल्डरमधले सर्व पुसा’ या आदेशाचा अर्थ ‘संगणकावरचे सर्व पुसा’ असा झाला. त्याच्या मालकीच्या सगळ्या फायली गेल्या. बॅकअपची हार्ड डिस्क जोडलेली होती, तीही गेली. त्या ओळीवर ती लिहिणाऱ्यानेच ‘भीतिदायक!’ अशी टीप टाकून ठेवलेली होती, हे विशेष.

त्याआधी २०११ मध्ये लिनक्ससाठीच्या बंबलबी या सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टमध्ये पत्त्याच्या मधोमध चुकून एक स्पेस पडली होती. एका उपफोल्डरऐवजी ‘यूएसआर’ हा लिनक्सचा मुख्य फोल्डरच पुसण्याचा आदेश त्यातून तयार झाला.

यातून घ्यायचे धडे साधे आहेत. पुसण्याचा आदेश चालवण्याआधी आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते पाहावे. शक्यतो टूलचा स्वतःचा ‘क्लीन’ आदेश वापरावा, कारण त्याला आपले आउटपुट कुठे आहे ते माहीत असते. गिटचा ‘क्लीन’ आदेश मात्र जपून वापरावा. गिटमध्ये अजून न टाकलेल्या नव्या सोर्स फायलीही तो उडवू शकतो. आधी ‘ड्राय रन’ करून तो काय काय पुसणार आहे, याची यादी बघावी.

गिटमध्ये काय टाकायचे, काय नाही?

लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये बनवलेले गिट हे सोर्स जपण्याचे ठिकाण आहे. प्रत्येक बदलाचा इतिहास ते ठेवते. त्यात आउटपुट टाकले तर प्रत्येक बिल्डची नवी प्रत इतिहासात कायमची जमा होते आणि रेपो फुगत जातो. गिटहब तर १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही. ५० एमबीच्या वर इशारा देतो. शिवाय दोघांनी वेगवेगळ्या लॅपटॉपवर केलेले आउटपुट बऱ्याचदा तंतोतंत सारखे नसते, त्यामुळे विनाकारण भांडणे लागतात. गिटच्या भाषेत त्यांना ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणतात.

उपाय म्हणजे ‘डॉट गिटइग्नोर’ नावाची छोटी फाइल. कोणते फोल्डर गिटने पाहायचेच नाहीत, त्यांची यादी तिच्यात लिहायची. ती पहिल्याच दिवशी बनवावी. एकदा गिटमध्ये गेलेली फाइल नंतर या यादीत लिहिली म्हणून आपोआप बाहेर येत नाही, ती वेगळा आदेश देऊन काढावी लागते.

पण सोर्स आणि आउटपुट यांच्या पलीकडे एक तिसरा प्रकार आहे, आणि सर्वांत मोठे घोटाळे तिथेच होतात. पासवर्ड, सर्व्हरच्या ॲक्सेस की, अँड्रॉइड ॲपवर सही करण्याची ‘कीस्टोअर’ फाइल. या गोष्टी पुन्हा आपोआप बनत नाहीत, म्हणून जपायला हव्यात. पण त्या गिटमध्येही जाता कामा नयेत. त्यांची जागा प्रोजेक्टच्या बाहेर, पासवर्ड मॅनेजरसारख्या सुरक्षित ठिकाणी.

टोयोटाचे प्रकरण याचे ठळक उदाहरण आहे. टी-कनेक्ट या सेवेच्या वेबसाइटचे काम करणाऱ्या कंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये सोर्सचा काही भाग गिटहबवर सर्वांना दिसेल असा ठेवला. त्यात ग्राहकांच्या माहितीच्या सर्व्हरची ॲक्सेस की होती. ही गोष्ट लक्षात आली सप्टेंबर २०२२ मध्ये. जवळपास पाच वर्षे २ लाख ९६ हजार १९ ग्राहकांचे ई-मेल पत्ते बाहेरच्यांच्या हाती लागण्याचा धोका होता. हा अपवाद नाही. गिटगार्डियन या कंपनीच्या अहवालानुसार २०२४ या एका वर्षात गिटहबवरच्या सार्वजनिक कोडमध्ये २ कोटी ३८ लाख नव्या गुप्त की आणि पासवर्ड सापडले.

चुकून की गिटहबवर गेलीच, तर फाइल डिलीट करून भागत नाही. ती इतिहासात राहते. ती की आधी रद्द करून नवी घेणे, हाच खरा उपाय.

सोर्स स्वच्छ, पण बिल्ड विषारी. असे होऊ शकते का?

होऊ शकते, आणि झालेही आहे. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेले सोलरविंड्स प्रकरण असेच होते. हल्लेखोरांनी कंपनीच्या बिल्ड सर्व्हरवर ‘सनस्पॉट’ नावाचा प्रोग्राम दडवला होता. तो बिल्ड सुरू होण्याची वाट पाहायचा, नेमक्या वेळी एक सोर्स फाइल बदलायचा आणि बिल्ड संपताच मूळ फाइल परत ठेवायचा. सोर्स तपासणाऱ्याला सगळे ठीक दिसायचे, बाहेर पडणाऱ्या प्रोग्राममध्ये मात्र मागचे दार असायचे. सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत ते अपडेट पोहोचले. त्यात अमेरिकी सरकारची खातीही होती.

मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या लिनक्समधल्या लायब्ररीबाबत याच जातीचा कट उघड झाला. गिटमध्ये दिसणारा सोर्स आणि डाउनलोडसाठी दिलेले गाठोडे यांत फरक होता. बिल्डच्या वेळी चालणारी एक फाइल फक्त गाठोड्यात बदललेली होती. मायक्रोसॉफ्टमधील इंजिनीअर अँड्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले. त्याचा माग काढताना हा कट सापडला.

म्हणून आता ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड’ या कल्पनेवर भर दिला जातो. एकाच सोर्सवरून कुठल्याही संगणकावर अक्षरशः सारखेच आउटपुट निघाले पाहिजे. डेबियन लिनक्ससारखे प्रकल्प अनेक वर्षे त्यावर काम करत आहेत. त्यातला एक अडथळा पुन्हा पत्त्याचाच असतो. प्रोजेक्ट ज्या फोल्डरमध्ये होता त्याचा पत्ता आउटपुटमध्ये उमटतो आणि दोन प्रती वेगळ्या निघतात. भारतातही सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी, म्हणजे ‘एसबॉम’ ठेवण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्या प्रोग्राममध्ये काय काय गेले आहे हे सांगता यावे, हा त्यामागचा हेतू.

सगळे आउटपुट एकाच जागी काढता येते का?

बहुतेक टूलमध्ये येते. सी आणि सी प्लस प्लससाठीच्या सीमेकमध्ये सोर्सच्या बाहेर वेगळा ‘बिल्ड’ फोल्डर करण्याची पद्धत रूढ आहे. रस्टमध्ये ‘टार्गेट’ची जागा एका सेटिंगने दुसऱ्या ड्राइव्हवर नेता येते. ग्रेडलचा साठा आणि अँड्रॉइडचे इम्युलेटरही विंडोजच्या ‘एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल’मधून डी ड्राइव्हवर हलवता येतात. सी ड्राइव्ह लहान असेल तर हा उपाय सर्वांत जास्त जागा मोकळी करतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या डॉट नेट ८ ने अशीच सोय दिली. ‘डायरेक्टरी डॉट बिल्ड डॉट प्रॉप्स’ या फाइलमध्ये एक ओळ लिहिली की सोल्युशनमधल्या सगळ्या प्रोजेक्टचे आउटपुट ‘आर्टिफॅक्ट्स’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये जाते. त्यात प्रत्येक प्रोजेक्टला स्वतंत्र उपफोल्डर असतो. हे उपफोल्डर महत्त्वाचे. काही जण हाताने सेटिंग बदलून पाच प्रोजेक्टचे आउटपुट एकाच फोल्डरमध्ये ओततात. मग सारख्या नावाच्या फायली एकमेकींवर लिहिल्या जातात आणि कोणती कोणाची हे कळेनासे होते.

‘पुन्हा बनेल’ यावर किती विसंबायचे?

डोळे झाकून नाही. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या ११ ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने एनपीएमवरून काढून टाकली. तिच्यावर आडून आडून अवलंबून असलेल्या असंख्य प्रोजेक्टचे बिल्ड जगभर बंद पडले. काही तासांत ती परत आणावी लागली. धडा असा की सोर्स हाताशी असला तरी बाहेरच्या लायब्ररी त्याच रूपात मिळतील असे नाही.

म्हणून दोन गोष्टी जपाव्यात. एक, ‘लॉक फाइल’. कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती वापरली याची ती नोंद असते. ती टूल बनवते, तरी ती गिटमध्ये ठेवायची. दोन, ग्राहकाला दिलेला किंवा कॉलेजात जमा केलेला अंतिम बिल्ड. तो तारीख आणि आवृत्तीसह वेगळ्या जागी ठेवावा. उद्या तक्रार आली तर नेमका कोणता प्रोग्राम दिला होता, ते दाखवता आले पाहिजे.

आज अर्ध्या तासात काय करता येईल?

१. ‘सी ड्राइव्ह’ किंवा ‘डी ड्राइव्ह’च्या अगदी वरच्या पातळीवर छोट्या इंग्रजी नावाचा एक फोल्डर करा. नावात स्पेस नको. सगळे प्रोजेक्ट तिथे ठेवा, डेस्कटॉपवर नको.

२. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ‘डॉट गिटइग्नोर’ आहे का पाहा. गिटहबवर प्रत्येक भाषेसाठी तयार नमुने फुकट मिळतात.

३. पासवर्ड, की, कीस्टोअर प्रोजेक्टमधून बाहेर काढा आणि त्यांची एक प्रत दुसरीकडे सुरक्षित ठेवा.

४. सगळा सोर्स आणि लॉक फाइल गिटमध्ये गेल्याची खात्री करा. त्यानंतरच जुन्या प्रोजेक्टमधले ‘बिन’, ‘ओबीजे’, ‘टार्गेट’, ‘नोड मॉड्यूल्स’ पुसा. क्रम उलटा करू नका.

५. प्रोजेक्ट मित्राला देताना पूर्ण फोल्डर झिप करून पेन ड्राइव्हवर देऊ नका. रेपोची लिंक द्या.

६. शेवटची आणि खरी परीक्षा : तोच प्रोजेक्ट गिटवरून एका नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवा आणि बिल्ड करा. जमल्यास रूममेटच्या लॅपटॉपवर.

ही सहावी पायरी बहुतेक जण टाळतात. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी हेच करावे लागते. नवा लॅपटॉप मिळतो, रेपोची लिंक मिळते आणि ‘बिल्ड करून दाखव’ असे सांगितले जाते. आधीच्या माणसाने सोर्स, आउटपुट आणि गुप्त की यांची नीट वाटणी केली असेल तर काम दुपारपर्यंत सुरू होते. नसेल तर अख्खा आठवडा ‘माझ्याकडे तर चालत होते’ हे ऐकण्यात जातो. विद्यार्थ्यासाठी हाच हिशेब आणखी सोपा आहे. लॅपटॉप सबमिशनच्या आदल्या रात्री बंद पडला आणि सोर्स गिटवर असला, तर तासाभरात दुसऱ्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट उभा राहतो. तो फक्त त्या एकाच लॅपटॉपवर असला, तर वर्षभराचे काम दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर अडकून पडते.